ई-पत्रांचे दप्तर : जतनाच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा

१

पत्र हे इतिहासाचे अस्सल साधन होय, हा सिद्धान्त मराठी अभ्यासकांस नवा नाही. इ. स. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि बखरीपेक्षा समकालीन पत्रावर अधिक विसंबावे ही दृष्टी आपल्याकडे रुजली. पुढे १९३० ते १९३४ या अवधीत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. या कार्यामुळे इतिहासाचे जेवढे साहाय्य झाले, तेवढेच भाषाशास्त्राचेही झाले. जुन्या गद्याची वाक्यरचना, आदरार्थी रूपे, फारसी शब्दांचा भरणा व त्याची ओहोटी, या साऱ्यांचा पुरावा आपण त्या पत्रांतूनच घेतो.

आज कार्यालये, विद्यापीठे, पेढ्या व शासनसंस्था यांचा पत्रव्यवहार बहुतांशी ई-मेलने होतो. शंभर वर्षांनी आपल्या काळाची भाषा व व्यवहार अभ्यासू पाहणाऱ्यास जी पत्रे हवी असतील, ती ही होत. ती त्याच्या हाती कोणत्या रूपाने पडतील, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा मानून आपण स्वस्थ बसलो आहो. वस्तुतः तो प्रथमतः पाठाचा, म्हणजे आपल्या शास्त्राचा, प्रश्न आहे. जतन कशाचे करावयाचे याचा निर्णय झाल्यावाचून ते कशाने करावयाचे हे ठरत नाही. आणि 'ई-पत्र म्हणजे काय' या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नाही.

या विषयावर पाश्चात्त्य अभिलेखशास्त्रज्ञांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या ज्या पद्धती रूढ झाल्या, त्यांपैकी प्रमुख पद्धतींची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पहिली पद्धत सर्वांत सोपी व म्हणूनच सर्वांत दीर्घकाळ टिकलेली आहे. ती म्हणजे ई-पत्र कागदावर छापून फाइलीत लावणे. तिचा सर्वांत प्रसिद्ध वाद अमेरिकेत झाला.

तेथील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कचेरीत १९८० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीची 'प्रॉफ्स' नावाची संदेशव्यवस्था वापरात आली. इराणला शस्त्रे विकून आलेला पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा अॅडमिरल पॉइंडेक्स्टर व कर्नल ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपल्या खात्यांतील पाच हजारांहून अधिक संदेश पुसून टाकले. तथापि त्या यंत्रणेच्या बॅकअप फिती शाबूत होत्या, आणि त्यांवरून ते संदेश चौकशी समितीस पुन्हा मिळविता आले. पुढे १९ जानेवारी १९८९ रोजी, म्हणजे अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, स्कॉट आर्मस्ट्राँग, 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह' ही खाजगी संस्था व इतर यांनी त्या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून न्यायालयात धाव घेतली.

शासनाचे म्हणणे असे होते की, महत्त्वाचा संदेश छापून फाइलीत ठेवला म्हणजे मूळ संदेश पुसण्यास प्रत्यवाय नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. न्यायालयाचा आधार लक्षात घेण्याजोगा आहे. छापील प्रतीत संदेशाचा मजकूर येतो. परंतु तो कोणाकोणास गेला, ज्या वितरण-यादीच्या नावाने गेला त्या यादीत त्या वेळी कोण होते, तो पोचल्याची पावती कधी आली, हे सारे येईलच असे नाही. छापील प्रत ही मूळ अभिलेखाची बरोबरीची प्रत नव्हे, असा या निर्णयाचा अर्थ. पुढे १९९५ साली तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने, कागदावर किंवा रीतसर विद्युत् व्यवस्थेत प्रत घेतल्यानंतर मूळ पुसण्याची मुभा देणारा सर्वसाधारण नियम काढला. १९९७ मध्ये एका न्यायाधीशाने तो रद्द ठरविला, आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा ग्राह्य धरला. यावरून सहा वर्षांत न्यायालयाचे मत फिरले असे मात्र म्हणता येत नाही. १९९३ च्या निर्णयातील मूळ मुद्दा, म्हणजे सभोवतालची माहिती हा पत्राचाच भाग आहे, हा कायम राहिला.

मराठी पत्रांशी परिचय असलेल्यास हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या पत्राचा मायना, तिथी, शिक्का, शेवटचे 'मोर्तब सूद', ही केवळ शोभेची अंगे नव्हेत. कोणाचा कोणाशी कोणता संबंध, हे मायन्यावरून कळते. पत्र तेथेच संपले व पुढे कोणी काही घुसडलेले नाही, हे अखेरच्या चिन्हावरून कळते. मायना गाळून केवळ मजकूर छापणाऱ्या संपादकास आपण दोष देतो. ई-पत्राचा मायना म्हणजे त्याचे 'हेडर'. १९८२ साली त्याची रचना ठरविणारे मानक निघाले व २००८ साली ते सुधारले गेले. पाठविणारा, घेणारे, वेळ, पत्राचा अनन्य क्रमांक, ते ज्या पत्राचे उत्तर आहे त्याचा क्रमांक, आणि वाटेत ज्या ज्या सर्व्हरवरून ते आले त्यांचे शिक्के, हे सर्व त्यात असते. छापताना यांपैकी तीन-चार ओळी उरतात. शिक्के पुसले जातात.

येथे मराठीच्या दृष्टीने एक उदाहरण देणे अवश्य वाटते. 'त्यांस आजच कळवावे' असे एक वाक्य ई-पत्रात आहे असे समजा. 'त्यांस' हे रूप एका आदरणीय व्यक्तीचे की अनेकांचे, हे वाक्यावरून ठरत नाही. मराठीत आदरार्थी अनेकवचन व खरे अनेकवचन यांचे रूप एकच आहे. तो निर्णय प्रतींच्या यादीवरून व मागील पत्रावरूनच होतो. यादी गेली की वाक्य जसेच्या तसे राहते, पण अर्थ जातो. कागदावरील प्रत ही अशा रीतीने अक्षरे राखून अर्थ गमावते.

३

दुसऱ्या प्रकारच्या पद्धती कागदाचा आश्रय न करता ई-पत्रास टिकाऊ विद्युत् रूप देऊ पाहतात. यांचा पाया असा की, आजचे सॉफ्टवेअर उद्या राहणार नाही. म्हणून पत्र एखाद्या कंपनीच्या गुप्त साच्यातून काढून उघड व सर्वमान्य साच्यात ठेवावे. हा पाया बिनतोड आहे. वाद आहे तो साच्याच्या निवडीविषयी.

एका टोकास 'एमबॉक्स' हा जुना साचा आहे. यात पत्रे एकाच फाइलीत एकापुढे एक ठेवली जातात. साधेपणा हे याचे बळ. पण एक पत्र संपून दुसरे सुरू झाले हे ओळखण्यासाठी या साच्यात 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने व त्यापुढील रिकाम्या जागेने आरंभ होणारी ओळ ही खूण मानतात. त्यामुळे पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ या शब्दाने सुरू झाली, तर गोंधळ टाळण्यासाठी तिच्या आधी एक कोनाकार चिन्ह घातले जाते. तेच चिन्ह ई-पत्रांत दुसऱ्याचे वाक्य उद्धृत केल्याची खूण म्हणूनही वापरतात. म्हणजे लेखकाचे स्वतःचे वाक्य जतनाच्या यंत्राने दुसऱ्याचे ठरविले! हस्तलिखितांच्या परंपरेत नकलनविसाच्या हातून होणारा प्रक्षेप आपण ओळखतो. येथे नकलनवीस यंत्र आहे, आणि त्याचा प्रक्षेप नियमित असल्यामुळे तो शोधता येतो, एवढेच समाधान.

दुसऱ्या टोकास एक्सएमएल या चिन्हांकित साच्याचा पक्ष आहे. नेदरलँड्समध्ये शासनाने चालविलेल्या प्रयोगशालेने २००३ मध्ये ई-पत्रांसाठी याच साच्याची शिफारस केली. अमेरिकेत स्मिथ्सोनियन संस्थेचे अभिलेखागार व रॉकफेलर अभिलेख केंद्र यांनी २००५ ते २००८ या काळात संयुक्त प्रकल्प चालविला, आणि त्यातून संपूर्ण खात्याचा एकत्र आराखडा मांडणारी एक्सएमएल रचना पुढे आली. या दुसऱ्या प्रयत्नाचे विशेष महत्त्व असे की, त्याने सुटे पत्र हा घटक न मानता खाते हा घटक मानला. कप्पे, त्यांची नावे, पत्रांचा क्रम, हे सारे त्यात टिकते. लेखकाने आपली पत्रे कशी रचून ठेवली होती ही त्याच्या मनाची रचनाही असते. ती टिकविणे हे शहाणपणाचे आहे.

तिसरा पक्ष पीडीएफचा. इलिनॉय विद्यापीठाच्या पुढाकाराने ई-पत्रे पीडीएफमध्ये कशी बांधावीत याचा पद्धतशीर विचार अलीकडे झाला आहे. पृष्ठाचे दृश्य रूप आणि त्याच्या पोटात मूळ पत्र व जोडपत्रे, अशी ही योजना आहे, आणि तिच्या कर्त्यांनी हेडर गाळलेले नाही हे न्यायाने सांगितले पाहिजे. दोष आहे तो कार्यालयांतील प्रत्यक्ष व्यवहारात. तेथे 'पीडीएफ केले' याचा अर्थ पडद्यावर दिसले ते पृष्ठ उमटविले, एवढाच असतो. मग छापील प्रतीचे सारे दोष कागदाविना परत येतात.

या तिन्ही साच्यांच्या चर्चेत एक गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ई-पत्राची भाषा ही एकट्या पत्राची भाषा नाही. 'हो, चालेल', 'वरील दुसऱ्या मुद्द्याशी सहमत', 'खाली पाहावे', 'मागच्यासारखेच करा' : ही वाक्ये दर्शकांनी भरलेली आहेत. व्याकरणात आपण 'हा', 'तो', 'येथे', 'काल' यांस दर्शक म्हणतो, कारण त्यांचा अर्थ बोलण्याच्या जागेवर अवलंबून असतो. ई-पत्रात ही जागा म्हणजे पडद्यावरील मांडणी. उत्तर वर व मूळ पत्र खाली अशी रचना असेल तर 'खाली पाहावे' याचा अर्थ मूळ पत्र. तेच पत्र साच्यात घालताना कालक्रमाने उलटे लावले, तर 'खाली' जे आहे ते भलतेच असते. जोडपत्राऐवजी दूरच्या सर्व्हरवरील फाइलीचा दुवा देण्याची रीत आता पडली आहे. तीत तर 'सोबतच्या तक्त्यात' या शब्दांचा निर्देश पत्राबाहेर असतो. तो तक्ता पुढे बदलला वा पुसला, तर पत्र निरपवाद जतन होऊनही आंधळे होते.

म्हणून साचा कोणताही असो, त्याची खरी कसोटी अशी : पत्रांतील दर्शकांची सांगड त्यांच्या लक्ष्याशी घालण्यास लागणारे सर्व धागे त्यात शिल्लक आहेत काय? या कसोटीवर खाते हा घटक पत्र या घटकापेक्षा श्रेष्ठ ठरतो, आणि उभयपक्षांची खाती हा घटक एका खात्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो.

४

ही गोष्ट एन्रॉनच्या पत्रसंग्रहावरून चांगली दिसते. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा-कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. चौकशीच्या निमित्ताने जप्त झालेली तिच्या नोकरांची ई-पत्रे तेथील ऊर्जा नियामक आयोगाने २००३ साली सर्वांस खुली केली. एवढा मोठा प्रत्यक्ष कार्यालयीन पत्रव्यवहार पूर्वी कोणत्याही भाषाभ्यासकास मिळाला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातून प्रसृत झालेल्या प्रतीत सुमारे १५० व्यक्तींची सुमारे ५ लक्ष पत्रे आहेत, आणि तिच्यावर शेकडो अभ्यास उभे आहेत.

हा संग्रह जसा मोलाचा, तसाच तो इशारा देणाराही आहे. प्रथम, त्यात जोडपत्रे नाहीत. दुसरे, कंपनीच्या नोकरांच्या तक्रारींवरून काही पत्रे मागाहून काढून टाकण्यात आली. त्यांत व्यक्तिगत माहिती असल्यामुळे ते योग्यच होते, परंतु गाळलेल्या जागेची खूण संग्रहात राहिली नाही. तिसरे, सदोष पत्ते शक्य तेथे अदमासाने दुरुस्त करण्यात आले, आणि घेणारा मुळी नमूदच नव्हता तेथे 'पत्ता नाही' अशा अर्थाचा कृत्रिम पत्ता घालण्यात आला. संग्राहकांनी हे सारे प्रामाणिकपणे जाहीर केले आहे. पण पाठचिकित्सेच्या भाषेत याला संपादकीय दुरुस्ती म्हणतात, आणि ती मूळ पाठाच्या जागीच लिहिली गेली आहे. १९१९ ते १९६६ या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा दंडक असा की, संपादकाने स्वीकारलेला पाठ वर आणि हस्तलिखितांतील भेद तळाशी; भेद टाकून द्यावयाचे नाहीत. ई-पत्रांच्या संग्राहकांस या दंडकाची गरज आहे.

चौथा मुद्दा द्विरुक्तींचा. २००४ मध्ये दोन संशोधकांनी या संग्रहाची एक आवृत्ती तपासली, तेव्हा तीत १५८ व्यक्तींची ६,१९,४४६ पत्रे होती. यंत्राने आपोआप निर्माण केलेले, त्याच पत्रांच्या नकलांनी भरलेले कप्पे वगळल्यावर २,००,३९९ उरली. त्यांच्या कामास ही छाटणी योग्य होती, कारण त्यांस पत्रांचे वर्गीकरण करणारे यंत्र पारखावयाचे होते. परंतु अनेक संस्था जागेची काटकसर म्हणून जतन करतानाच अशी छाटणी करतात; एकाच क्रमांकाचे पत्र दोन खात्यांत आढळले की एक प्रत टाकतात. या दोन प्रती एक नव्हेत. पाठविणाऱ्याच्या प्रतीत गुप्त प्रतीची यादी असू शकते, ती घेणाऱ्याच्या प्रतीत नसते. घेणाऱ्याच्या प्रतीत वाटेतील सर्व्हरांचे शिक्के असतात, ते पाठविणाऱ्याच्या प्रतीत नसतात. एकाने ते पत्र 'तातडीचे' या कप्प्यात ठेवले, दुसऱ्याने न वाचता टाकून दिले. कोणापासून काय लपविले गेले व कोणी कशाकडे डोळेझाक केली, हे ज्या फरकात दिसावयाचे, तोच फरक काटकसरीने पुसला जातो.

५

आता अधिक मूलगामी प्रश्नाकडे वळू. सर्व पत्रे कायम ठेवणे कोणत्याही संस्थेस शक्य नाही आणि इष्टही नाही. मग निवड कोणी व कशी करावी?

पूर्वीची रीत अशी होती की, प्रत्येक नोकराने आपल्या प्रत्येक पत्राचा विचार करून ते जतनीय की नाही हे ठरवावे. व्यवहारात हे कोणी करीत नाही. दिवसास शेकडा पत्रे येतात, आणि वर्गीकरण करण्याची फुरसत कोणासच नसते. हे ओळखून ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 'कॅपस्टोन' नावाची पद्धत पुरस्कारिली. तीनुसार निवड पत्राच्या मजकुरावरून होत नाही, तर पदावरून होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांची खाती कायमची ठेवावयाची. इतरांची सर्वसाधारणपणे ७ वर्षांनी, आणि साहाय्यक व कारकुनी पदांची ३ वर्षांनी नष्ट करता येतात. शासकीय खात्यांनी ई-पत्रे विद्युत् रूपातच सांभाळावीत यासाठी २०१२ च्या आदेशाने २०१६ अखेरची मुदत घातली होती; ती पाळण्यास या पद्धतीचे मोठे साहाय्य झाले.

हिचे गुण मान्य केले पाहिजेत. ती साधी आहे. ती नोकराच्या लहरीवर विसंबत नाही. आणि एखाद्या अधिकाऱ्यास गैरसोयीचे पत्र हळूच वगळणे ती अवघड करते. १९८६ च्या प्रकरणाची आठवण असणाऱ्यास या अखेरच्या गुणाची थोरवी सांगावयास नको.

परंतु हिच्या मुळाशी असलेले गृहीतक भाषाभ्यासकास मान्य होण्याजोगे नाही. ते गृहीतक असे की, संस्थेचे महत्त्वाचे बोलणे वर होते. अनुभव उलट आहे. वरिष्ठाच्या खात्यात बहुधा तयार झालेला निष्कर्ष येतो; तो कोणत्या वादातून, कोणत्या शंकांतून व कोणाच्या विरोधानंतर तयार झाला, हे खालच्या पत्रांत राहते. मराठ्यांच्या इतिहासाचे उदाहरण येथे यथार्थ आहे. केवळ सरकारी दप्तर राखून भागले असते, तर राजवाड्यांस गावोगाव हिंडून घराघरांतील रुमाल सोडावे लागले नसते. वतनदार, कारकून, सावकार यांच्या कागदांनी जी माहिती दिली, ती राजपत्रांनी दिली नाही. भाषेच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. वरिष्ठांची भाषा संकेतबद्ध व एकजिनसी असते. बोलीचे अंश, नवे शब्द, रूपांतील चढउतार हे खालच्या पत्रांत आधी दिसतात. पदावरून निवड करणारे दप्तर शंभर वर्षांनी असे भासवील की, एकविसाव्या शतकात सारेजण सचिवासारखे लिहीत होते.

कॅपस्टोनच्या कर्त्यांस हा आक्षेप अगदीच सुचला नव्हता असे नाही. संस्थेच्या मुख्य कार्याशी निगडित असलेली इतर पदेही यादीत घालण्याची सोय त्यांनी ठेवली आहे. पण सोय ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सोयीचा उपयोग कचेऱ्या क्वचितच करतात. यावर आमची सूचना अशी की, कनिष्ठ पदांच्या खात्यांतून यदृच्छेने निवडलेला एक लहान नमुना, ज्यांची ती पत्रे आहेत त्यांच्या खाजगीपणाचे रक्षण करून व दीर्घ मुदत बंद ठेवून, कायमचा राखावा. नमुन्याने संपूर्ण चित्र मिळत नाही. परंतु जे मिळते ते एकांगी नसते.

खाजगीपणाचा प्रश्न गौण मानता येणार नाही. एन्रॉनच्या नोकरांनी आपल्या घरगुती गोष्टी जगापुढे मांडण्यास संमती दिली नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ मध्ये प्रसृत केलेले 'ईपॅड' हे साधन या दृष्टीने उपयुक्त आहे. ते पत्रांतील व्यक्तिनामे व संवेदनशील मजकूर हुडकून अभिलेखपालापुढे ठेवते व निर्णय त्यावर सोपविते. मराठी पत्रांस मात्र अशा साधनांचा लाभ मर्यादित होतो. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नाही, आणि 'आशा', 'विजय', 'प्रकाश' ही सामान्यनामेही आहेत व विशेषनामेही. त्यांस विभक्तिप्रत्यय जोडले जातात, त्यामुळे 'विजयास', 'विजयाचा' यांत व्यक्ती कोणती व यश कोणते, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. येथे मराठीच्या व्याकरणकारांस काम आहे.

६

मराठीचा विषय निघाला आहे, तर एक संकट स्वतंत्रपणे नोंदले पाहिजे, कारण परदेशी लेखनात त्याचा विचार अपुरा आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली; त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानकही ठरले. तथापि कार्यालयांत पुढे अनेक वर्षे मराठी लिहिले गेले ते विशिष्ट फाँटांच्या आधारे. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. यंत्राच्या लेखी ते रोमन अक्षरांचे अर्थहीन ओझे. डोळ्यांच्या लेखी मराठी. अशा पत्राच्या हेडरात भाषेची वा लिपीची कसलीही खरी नोंद नसते. बिट बिट जपून ठेवली तरी, फाँट नसेल तर पत्र वाचता येत नाही. म्हणजे येथे फाँट हा पत्राचा अविभाज्य भाग आहे.

युनिकोडात आल्यानेही सर्व निभावले असे नाही. मराठीत रफार व डोळ्यासारखा दिसणारा अर्धा र यांचा भेद अर्थभेदक आहे. 'आचार्यास जेवण वाढले' व 'आचाऱ्यास जेवण वाढले' या दोन वाक्यांत एकात गुरू जेवतो व दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती युनिकोडात मान्य आहेत, आणि त्यांपैकी एकीत एका अदृश्य जोडचिन्हाचा उपयोग होतो. मजकूर 'स्वच्छ' करणारी पुष्कळ सॉफ्टवेअरे अदृश्य चिन्हे निरर्थक समजून काढून टाकतात. त्याबरोबर स्वयंपाक्याचा आचार्य होतो, आणि पडद्यावर चूक झाल्याची कोणतीही खूण राहत नाही. अशा स्थलांतरात मूळ फाइल टाकून दिली असेल, तर खरा पाठ कोणता हे ठरविण्याचे साधन कायमचे नष्ट झाले.

७

हा सारा ऊहापोह कोणास अनावश्यक सूक्ष्म वाटेल. म्हणून स्वतःचा एक अनुभव सांगतो. प्रस्तुत लेखक विद्यार्थी असताना एका बोली-पाहणीत साहाय्यक होता. क्षेत्रकार्य करणाऱ्यांशी पत्रव्यवहार ई-मेलने चाले. पुढे त्या संस्थेने सर्व्हर बदलला, आणि जुनी पत्रे सद्धेतूने पीडीएफ करून ठेवली. काही वर्षांनी प्रबंधाच्या कामी एका रूपाची खातरजमा करावयाची होती. पत्र सापडले. त्यात लिहिले होते : 'क्रमांक ७ व ११ बरोबर आहेत, ९ मात्र तसे नाही, मागच्यासारखेच बोलतात.' ज्या यादीतले हे क्रमांक, ती जोडपत्र होती व राहिली नव्हती. 'मागच्या' म्हणजे कोणत्या गावासारखे, हे ज्या पत्रात होते त्याचा धागा तुटला होता. ज्या वृद्ध निवेदिकेचे ते रूप होते, ती तोपर्यंत निवर्तली होती. ती नोंद प्रबंधातून वगळावी लागली. पत्र जतन झाले होते, पुरावा मात्र राहिला नव्हता.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मूळ फाइल, तिच्यात काडीचाही फरक न करता व फरक झाल्यास कळेल अशा तपासणी-अंकासह, नेहमी राखावी. सुवाच्य साच्यातील प्रत तिच्या शेजारी असावी, तिच्या जागी नव्हे. पत्राचा घटक सुटा न मानता खाते व संवाद हा घटक मानावा. जोडपत्रे व दुव्यांमागील फाइली त्या वेळच्या रूपात सोबत घ्याव्यात. वितरण-याद्या, पदाधिकाऱ्यांची नामावली व मराठी पत्रांसाठी वापरलेले फाँट हे पत्रांबरोबर ठेवावेत. द्विरुक्त प्रती टाकण्यापूर्वी त्यांतील भेद नोंदावे. जे गाळले, बदलले वा दुरुस्त केले, त्याची जागोजाग नोंद असावी. आणि निवड करताना वरिष्ठांच्या खात्यांबरोबर कनिष्ठांचा नमुना घ्यावा.

यांतील पुष्कळ गोष्टी आपल्या कायद्यासही अभिप्रेत आहेत. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यास अभिलेखाच्या व्याख्येत स्थान दिले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७ अन्वये विद्युत् अभिलेख पुढे पाहता येईल असा राहिला पाहिजे, मूळ साच्यात किंवा मुळाशी तंतोतंत जुळणाऱ्या साच्यात राहिला पाहिजे, आणि त्याचा उगम, गंतव्य व पाठविल्या-पोचल्याची वेळ यांची माहिती उपलब्ध राहिली पाहिजे. अमेरिकेतील न्यायालयास निवाड्यातून जे सांगावे लागले, त्याचे सार आपल्या कलमात आधीच आहे. उणीव आहे ती अंमलाची, आणि त्याहून अधिक, हा आपला विषय आहे या जाणिवेची.

पेशवे दप्तर आपल्या हाती आले ते कोणी आपल्यासाठी राखले म्हणून नव्हे. जमिनी, इनामे व हक्क यांच्या व्यवहारांस ते लागत होते म्हणून. कागद टाकून ठेवला तरी तो काही काळ आपोआप टिकतो, आणि या आपोआप टिकण्यावर आपला सारा इतिहास उभा आहे. ई-पत्र असे टिकत नाही. ते टिकविण्याचा निर्णय, ते लिहिले जात असतानाच, कोणीतरी करावा लागतो. तो निर्णय आज आपल्या विभागांत, कचेऱ्यांत व संस्थांत होत आहे. बहुधा सर्व्हर बदलण्याच्या दिवशी, आणि बहुधा आपणांस न विचारता. यापुढे तरी आपण विचारल्याशिवाय बोलण्यास शिकले पाहिजे.